चुना कोणी चारला?

खुशाल सेलोकर डोळ्यांनी पाहिलेलंही लगेच मानत नसे. करडीच्या रस्त्याला उसना, म्हणजे उकड्या तांदळाची एक मिल आहे, तिथं तो बावीस वर्षांपासून बॉयलर सांभाळतो. बॉयलरच्या पोटात पाणी किती आहे ते दाखवायला बाहेर एक उभी काच असते. नवा गडी काच पाहतो आणि तुसाची टोपली भट्टीत लोटतो. खुशाल तसं करत नाही. तो आधी काचेखालचा कॉक, म्हणजे तोटी, उघडतो, काचेतलं पाणी फसकन बाहेर सोडतो, पुन्हा चढू देतो आणि मगच मानतो. कारण नळीत खार बसला की काच खोटं बोलते. आत पाणी तळाला गेलेलं असतं आणि काच सांगते, भरपूर आहे. अशा खोट्या काचेवर भरवसा ठेवून माणसं उकडून निघालेली आहेत.

बॉयलरपाशी हा गुण सोन्यासारखा. घरी आणला की त्याचं विष होतं, आणि खुशालनं तो घरी आणला होता. दुकानदाराचा तराजू, रेशनची अंगठ्याची मशीन, सरकारी लस, पोरीच्या कॉलेजची चिठ्ठी, सगळ्याचा तो कॉक उघडून पाहायचा. बायको चंद्रकांता एखाद्या दिवशी नेहमीपेक्षा गोड बोलली, तर त्या दिवशी जेवताना तो दोनदा तिच्या तोंडाकडं पाहायचा.

अशा माणसाला डॉक्टरनं सांगितलं की तुमच्या हृदयाच्या नळ्यांत कॅल्शियम जमलंय. एवढंच सांगितलं आणि पुढच्या पेशंटची घंटी दाबली. पुढं जे झालं त्यात अर्धा वाटा खुशालच्या डोक्याचा आणि अर्धा त्या घंटीचा आहे, हे मी आधीच सांगून ठेवतो.

मुळात तो तपासायला गेलाच नसता. त्याची पोरगी टीना भंडाऱ्याला एका स्कॅन सेंटरमध्ये कामाला आहे. रोज कारधाच्या पुलावरून जाते-येते. तिनं त्याच्या मागं लकडा लावला. कारण होतं टिकाराम. टिकाराम म्हणजे खुशालचा मोठा भाऊ. तीन वर्षांमागं धानाच्या बांधीत, धुऱ्यावर म्हणजे बांधावर बसल्या बसल्या गेला. एक्कावन्न वर्षांचा होता. छातीला हात लावला, पाणी मागितलं, आणि पाणी येईपर्यंत संपला. टीनाच्या सेंटरमधल्या एका बाईनं तिला सांगितलं होतं की सख्खा भाऊ इतक्या लवकर हार्टनं गेला असेल तर दुसऱ्यानं तपासून घ्यावं. खुशाल पन्नाशीत आलेला, पोट सुटलेलं, दिवसातून तंबाखूचे दोन-तीन खर्रे. टीना म्हणाली, बाबा, माझ्यासाठी करा. पोरीपुढं त्याचं चालत नाही, म्हणून तो मशीनमध्ये झोपला.

आकडा आला चारशे बारा. टीनानं समजावलं की शून्य म्हणजे साफ आणि चारशेच्या वर म्हणजे लई जमलंय. खुशालनं पहिला प्रश्न विचारला, की हा आकडा कोण काढतो, माणूस की मशीन? मशीन, टीना म्हणाली. मग मशीन कोण तपासतं? टीनाला हे माहीत नव्हतं. तिथंच त्याची भुवई चढली.

मग हार्टचा डॉक्टर. त्यानं दंडाला पट्टा बांधून प्रेशर घेतलं, एकशे बत्तीस. डॉक्टरनं फाइलकडं पाहिलं, खुशालच्या पोटाकडं पाहिलं, आणि विचारलं की प्रेशरची गोळी चालू आहे का. खुशाल छाती काढून म्हणाला, एकही नाही. डॉक्टरला नवल वाटलेलं दिसलं. तंबाखू? कधीमधी, खुशाल म्हणाला, आणि शर्टाच्या खिशातून डोकावणारी खर्र्याची पन्नी बोटानं आत ढकलली. डॉक्टरनं ते पाहिलं की नाही कोण जाणे. खुशालच्या मागं रांगेत अकरा माणसं बसली होती. तंबाखू बंद करा, ह्या दोन गोळ्या रोज, चालून पाहायची एक तपासणी करून घ्या, नळ्यांत कॅल्शियम खूप जमलंय. आणि घंटी.

परतताना टीना गोळ्या घेऊन आली. खुशालनं त्या घरच्या डब्यात ठेवल्या आणि डबा वर फळीवर ठेवला. गोळ्यांचं त्याचं मत पक्कं होतं. टिकारामला प्रेशर निघालं, गोळी सुरू झाली, आणि महिनाभरात तो गेला. खुशालसाठी हिशेब संपला होता. दोन वर्षांमागं गावातली आशाताई रीना घरोघर प्रेशर मोजत फिरत होती, तेव्हा त्याचंही वाढलेलं निघालं. उपकेंद्रातून गोळ्या मिळाल्या. त्यानं त्या चंद्रकांतापुढं उकिरड्यात टाकल्या आणि सांगितलं, पुन्हा घरात दिसल्या तर पाहा. त्यानंतर दोन-तीनदा रीनानं प्रेशर मोजलं, तर ठीकच निघालं. तेव्हापासून तो मिलमध्ये सांगत फिरायचा की रोग गोळीनं जात नाही, गोळी टाकल्यानं जातो.

पण हा चारशे बारा त्याला सोडेना. दुखत काही नव्हतं. जिना चढताना थोडी धाप लागायची, ती कोणाला लागत नाही? आणि तरी आत काहीतरी बसलंय, हे त्याला पटत होतं, कारण ते त्याच्या धंद्यातलं होतं. नळ्या, आणि नळ्यांत बसलेला पांढरा खार. बॉयलर उघडला की नळ्यांच्या आत बोटभर जाड पापुद्रा निघतो, तो त्यानं हातोडीनं ठोकून काढलेला आहे. मिलचा केमिस्ट त्यालाच कॅल्शियम म्हणायचा. आपण त्याला चुना म्हणतो.

आणि बॉयलरवाल्याला एक गोष्ट पक्की माहीत असते. खार आपोआप जन्माला येत नाही. जे पाणी तुम्ही आत पाजता त्यातून तो येतो. म्हणजे कोणीतरी खुशालला चुना पाजत होतं.

आपल्याकडं चुना लावणे म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं. खुशालला दोन्ही अर्थ एकदमच कळले आणि एकमेकांत मिसळले.

पहिला संशय गेला इश्वरवर. इश्वरचा पानठेला मिलच्या फाटकासमोर. खर्रा म्हणजे तंबाखू, सुपारी आणि चुना पन्नीत घालून घोटायचा. चुना तर तिथं डोळ्यांदेखत पडतो. खुशालनं सांगून टाकलं, की आजपासून माझ्या खर्र्यात चुना नको.

इश्वर घोटायचा थांबला. "भाऊ, चुन्याबिगर खर्रा म्हनजे नवरदेवाबिगर वरात."

"मले माहा हिशेब मालूम आहे. तू घोट."

इश्वरनं घोटला. चुन्याशिवाय तंबाखूला धार येत नाही. खुशालला काही लागलंच नाही, म्हणून तासाभरानं तो दुसरा घ्यायला आला. दोनाचे चार झाले, चाराचे पाच. आणि हा माणूस मिलमध्ये सांगत होता की मी सुधारलो. हसू नका. तंबाखूच्या पन्नीवर सडलेल्या तोंडाचं चित्र छापतात, पण त्या विषाचा छातीतल्या नळ्यांशी काय संबंध आहे ते साध्या भाषेत सांगायला कोणाला वेळ नसतो. डॉक्टरनं तंबाखू आणि कॅल्शियम हे दोन शब्द एका दमात उच्चारले. त्यांना जोडणारं वाक्य तो गिळून बसला. ते वाक्य खुशालनं आपल्या मनानं भरलं, आणि चुकीचं भरलं.

दुसरा संशय विहिरीच्या पाण्यावर. मिलमध्ये बॉयलरचं पाणी तपासायला दवेच्या दोन छोट्या बाटल्या असतात. पाण्यात थेंब टाकायचे. निळं झालं तर पाणी मऊ. लाल झालं तर त्यात खार आहे, आणि ते निळं व्हायला दुसऱ्या बाटलीतली दवा जितकी लागेल तितका खार जास्त. त्यानं घरचं पाणी बाटलीत भरून नेलं आणि थेंब टाकले. लालभडक. मग त्याला वाटलं, सापडलं. पण दुपारपर्यंत त्याच्याच डोक्यानं कॉक उघडला. हेच पाणी चंद्रकांता पिते. हेच शेजारची कौशल्याबाई पिते, टिकारामची विधवा, आणि ती पन्नाशीला आली तरी डोक्यावर पाण्याचे दोन गुंड घेऊन येते. सगळा गाव पितो. मग मलाच काहून?

तिसरा संशय घरात शिरला.

एका सकाळी तो न्हाऊन लवकर आत आला. चंद्रकांता चुलीपाशी पाठमोरी बसून छोट्या खलात काहीतरी वाटत होती. त्याची चाहूल लागली तशी तिनं खलावर पदर टाकला. फार नाही, एवढासा. पण खुशालच्या नजरेला तेवढं पुरतं. ती ताक करायला उठून गेली तेव्हा त्यानं खलात बोट फिरवलं. बोटाला पांढरी पूड लागली. पिठासारखी बारीक, जराशी कडवट.

पितळेच्या लोट्यात त्याचं ताक आलं, रोज येतं तसं. भात झाला की तो लोटाभर ताक पिऊन मिलला जातो, गेली कित्येक वर्षं. त्या दिवशी त्यानं ओठाला लावलं, चंद्रकांता वळली तशी अर्धं ताक बाटलीत ओतलं आणि उरलेलं मोरीत सांडलं.

मिलमध्ये त्यानं मऊ पाणी घेतलं. आधी नुसत्या पाण्यात थेंब टाकून पाहिले, निळं. बरोबर. मग त्यात चमचाभर ताक घातलं. निळं पाणी त्याच्या डोळ्यांपुढं लाल झालं. पुन्हा केलं. पुन्हा लाल. विहिरीच्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त दवा टाकावी लागली तेव्हा कुठं ते निळं झालं. खुशालनं बावीस वर्षांत इतका खार असलेलं पाणी पाहिलं नव्हतं. असं पाणी बॉयलरला पाजलं तर आठ दिवसांत नळ्या बंद होतील.

त्याच दिवशी घरी येऊन त्यानं घर धुंडाळलं, धानाच्या कोठीमागं हात घालून पाहिलं. जुन्या पिशवीत गोळ्यांची पाकिटं होती. बऱ्याच नावांची इंग्रजी अक्षरं त्याला लागली नाहीत, पण एकावर हिंदीत छापलेलं होतं, कैल्शियम. त्यानं पिशवी जशीच्या तशी ठेवली.

आता विचार करा, पंचवीस वर्षांचा संसार. बाई त्याच्यासाठी धानाच्या रोवणीत कंबर मोडून उभी राहिलेली, त्याच्या आईचं सगळं काढलेली. आणि हा माणूस एका लाल पाण्याच्या जोरावर तिला गुन्हेगार ठरवून मोकळा. का करेल ती असं, हे त्यानं स्वतःला विचारलं नाही असं नाही. विचारलं, आणि उत्तरंही मिळाली, कारण संशयाला उत्तरांचा तोटा नसतो. कौशल्याबाई नवऱ्यामागं किती सुखात राहते आहे, दोघी दुपारभर काय कुजबुजतात, मी आलो की गप्प काहून होतात. सगळं जुळत गेलं. खोटं असलं की लई नीट जुळतं.

त्यानं घरी जेवणं बंद केलं. कामाचा बहाणा सांगितला. सकाळी भात न खाता निघायचा, मिलबाहेरच्या टपरीवर आलुभोंडे आणि भजी खायचा, वर इश्वरचा खर्रा. संध्याकाळी आला तर भूक नाही म्हणायचा. चंद्रकांतानं दोन दिवस विचारलं, तिसऱ्या दिवशी ताक पाठवते म्हणाली, तर तो असा पाहून गेला की तिनं लोटा हातातच धरून ठेवला. चौथ्या दिवसापासून ती फक्त पाहत राहिली. तिच्या तोंडावरचं काळजीचं सावट त्याला दिसायचं, आणि तो ते पकडलं गेल्याचं भय समजायचा.

पाचव्या-सहाव्या दिवसापासून त्याचं डोकं मागून ठणकायला लागलं. भट्टीपुढं उभं राहिलं की कानात भुंगा वाजल्यासारखं व्हायचं. त्यालाही त्याच्याकडं उत्तर होतं. चुना बाहेर निघून राहिला, म्हणून.

बाराव्या दिवशी रीना आशाताई मिलमध्ये आली. तिशीच्या वरच्या माणसांची तपासणी होती, सगळ्यांना रांगेत बसवलं. खुशालच्या दंडाला पट्टा बांधला, यंत्र गुरगुरलं, आणि रीनानं आकडा पाहून पट्टा सोडला. पाच मिनिटं गप्प बसा म्हणाली. पुन्हा बांधला. एकशे ब्याऐंशी. खाली एकशे बारा.

"खुशालभाऊ, गोळी बंद केली का तुमी?"

"कोनती गोळी?"

रीनानं त्याच्याकडं पाहिलं, तिला काहीतरी उमगलं, आणि ती मान खाली घालून वहीत लिहायला लागली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. काही नाही, दुसऱ्या कोणाचं आठवलं, ती म्हणाली. आजच्या आज दवाखान्यात जा, एवढं मात्र दोनदा सांगितलं.

खुशाल दवाखान्यात गेला नाही. काट्याची भाषा त्याला येत होती. एकशे बत्तीसचा काटा बारा दिवसांत एकशे ब्याऐंशीवर. बॉयलरचा काटा असा चढला तर माणूस सायकल टाकून पळतो. म्हणजे तिच्या हातचं खात होतो तेव्हा काटा खाली होता आणि सोडल्यावर चढला. सरळ डोक्याच्या माणसाला इथं उत्तर दिसलं असतं. खुशालचं डोकं म्हणालं, नशा. आधी सवय लावली, आता ती सुटली म्हणून शरीर बोंबलून राहिलं. आणि रीनाही त्यात आहे. त्यानं दवेच्या दोन्ही बाटल्या आणि मऊ पाण्याचा डबा पिशवीत टाकला, दुसऱ्या गड्याला भट्टीवर उभं केलं आणि भर दुपारी घरी आला.

चंद्रकांता अंगणात तांदूळ पाखडत होती. त्यानं तिला ताक आणायला सांगितलं. तिच्या डोळ्यांत एकदम उजेड आला, आत गेली, जरा वेळ लावून लोटा घेऊन आली. जरा वेळ का लागला, ते त्याला माहीत होतं.

"तूच पी," तो म्हणाला.

तिनं लोटा तोंडाला लावला आणि उभ्या उभ्या तळापर्यंत प्यायली. पदरानं तोंड पुसलं, लोटा त्याच्यापुढं पालथा ठेवला.

"झालं? आता बसा इथंच, मी मरतपर्यंत."

खुशालला हे अपेक्षित नव्हतं. तरी त्यानं पिशवी उघडली. सगळं बोलून टाकलं. पांढरी पूड, कोठीमागची पाकिटं, ताकाचं लाल पाणी, नळ्यांतला चुना. मिलची दवा खोटं बोलत नाही, म्हणाला. बावीस वर्षांत बोलली नाही.

चंद्रकांतानं सगळं ऐकून घेतलं. ती रडली नाही. गोठ्यात गेली, कबऱ्या गाईखाली बसली, वासराला बाजूला सारलं आणि चार धारा वाटीत काढून आणल्या. वाटीतून अजून वाफ निघत होती.

"टाका याच्यात तुमची दवा."

"हे तं कच्चं दूध आहे."

"म्हनूनच टाका. याले तं माहा हात नाही लागला."

त्यानं डब्यातल्या मऊ पाण्यात थेंब टाकले, निळं. त्यात गाईच्या दुधाचा चमचा घातला. लाल. ताकासारखंच लालभडक. गाय मान वळवून त्याच्याकडं पाहत होती.

"आता गाईले विचारा," चंद्रकांता म्हणाली, "तुले चुना कोनं चारला."

दुधात कॅल्शियम असतं हे चौथीच्या पोराला माहीत आहे. खुशालही चौथीत होता कधीतरी. पण मिलच्या बाटलीत जे कळतं तेवढंच खरं, असं मानत गेलेल्या माणसाला ते बावीस वर्षांत सुचलं नव्हतं. काच तपासायला शिकला होता, काचेपुढं काय धरलंय ते पाहायला शिकला नव्हता.

त्याचा आवाज खाली आला. मग खलात काय वाटते, त्यानं विचारलं.

ती आत गेली आणि पिशवीच घेऊन आली. कॅल्शियमचं पाकीट काढून बाजूला ठेवलं, हे माह्या गुडघ्याचं, म्हणाली. मग दुसरं काढलं. अर्ध्या गोळ्या वापरलेलं.

"हे तुमचं प्रेशरचं. रीनाताई देते, तुमच्या नावानं. तिले मी सांगतलं का तुमी घेता. दोन वर्स झाले. रोज सकाळी एक, ताकात."

"दोन वर्स मले फसवलं तू."

"हो. फसवलं."

तिनं डोळे खाली केले नाहीत. टिकारामचं काय, त्यानं विचारलं, टिकारामनं तर गोळी घेतली आणि गेला. तेव्हा चंद्रकांतानं जे सांगितलं ते तिच्यापाशी तीन वर्षं होतं. टिकारामनं गोळी आठच दिवस घेतली. बरं वाटलं, सोडली. कौशल्याबाईनं त्याची पेटी उघडली तेव्हा भरलेली पाकिटं तशीच निघाली. ती पाकिटं घेऊन ती बाई चंद्रकांतापुढं बसून रडली होती, की मी त्याच्या घशात काहून नाही कोंबल्या. दोघींची दुपारची कुजबुज ही होती.

"तुमाले सांगून पायलं, उकिरड्यात टाकल्या. मंग कसं करू? भाऊजीवानी धुऱ्यावरून उचलून आनू?" ती दाराच्या चौकटीला धरून खाली बसली. उभ्या उभ्या घेतलेलं ताक आता तिच्या अंगावर आलं होतं, प्रेशर नसलेल्या बाईला प्रेशरची गोळी. "पन आता मी वाटनार नाही. ताटाजवळ ठेवून देईन. घ्यायची तं घ्या, नाही तं नका घेऊ. बारा दिवस तुमी ज्या नजरेनं पायलं मले, ते मी घेऊन जाईन संग."

खुशालनं तिला पाणी आणून दिलं. बसायला बाज टाकली. डॉक्टरपुढं छाती काढून ज्या एकशे बत्तीसची फुशारकी मारली, तो आकडा त्याचा नव्हता. या बाईच्या खलातला होता.

टीनाला फोन गेला. ती कामावरून तशीच आली, दोघांनाही गाडीत घालून भंडाऱ्याला घेऊन गेली.

डॉक्टर तोच, घंटी तीच. या वेळेस खुशालनं सगळं खरं सांगितलं. पाच खर्रे, फळीवरचा डबा, चुन्याशिवायचा तंबाखू, ताक, सगळं. डॉक्टर आधी त्याच्यावर चिडला, मग चंद्रकांतावर. माणसाला न सांगता औषध द्यायचं नसतं, म्हणाला, तो बाहेरून आणखी काही घेत असता तर? तिनं मान हलवली. कळतं, म्हणाली. त्यानं पुन्हा प्रेशर घेतलं, गोळी बदलून दिली, मीठ कमी करा म्हणाला आणि सवयीनं हात घंटीकडं नेला. खुशालनं घंटीवर आपला पंजा ठेवला.

"डाक्टरसाहेब, तुमी मले कॅल्शियम म्हनून सोडून दिलं. मी बारा दिवस माह्या बायकोले चोर समजलो. आता तो चुना कुठून आला ते सांगा, मंग वाजवा घंटी."

मागं बसलेली माणसं ऐकत होती. डॉक्टर लाल झाला. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं फाइल बाजूला सारली आणि कागदावर नळी काढली. त्यानं सांगितलं की हा चुना खाण्यातून येत नाही. दुधातून नाही, विहिरीतून नाही, खर्र्यातल्या चुन्यातूनही नाही. प्रेशर, तंबाखू, साखर, चरबी आणि घराण्याचा वारसा, यांनी नळी आतून वर्षानुवर्षं सोलवटत जाते. त्या जखमेत चरबी मुरते. आणि शरीर मग त्या जुन्या जखमेवर चुन्याचं प्लास्टर करत राहतं. "चुना चोर नाही," तो म्हणाला. "चोर येऊन गेल्याची खूण आहे. तुमच्याकडं चारशे बारा खुणा आहेत असं समजा."

खुशालनं कागदावरच्या नळीवर बोट ठेवलं. मिलमध्ये ॲसिड टाकून खार काढतो, तसं काही? नाही, डॉक्टर म्हणाला, बसलेला निघत नाही. नवी जखम होऊ द्यायची नाही, एवढंच हातात आहे.

म्हणजे जुना बॉयलर, खुशालच्या मनात आलं. नळ्या बदलता येत नसल्या तर तो कमी प्रेशरवर चालवतात, आणि काट्यावरून नजर हटवत नाहीत. असे बॉयलर चालतात. वर्षं काढतात. हे त्याला पहिल्यांदा पटलं, कारण पहिल्यांदा कोणी त्याच्या भाषेजवळ आलं होतं. मग त्यानं खिशात हात घातला आणि पन्नी काढून टेबलावर ठेवली. इश्वरनं सकाळीच घोटून दिलेली.

"मंग चोर हा," तो म्हणाला.

"एक हा. बाकीचे पण आहेत," डॉक्टर म्हणाला. "पण हा पहिला."

पन्नी तिथं राहिली. खर्रा तिथंच सुटला असं मात्र सांगत नाही, तेवढा मी खोटारडा नाही. पहिल्या आठवड्यात तो दोनदा इश्वरच्या ठेल्यावर गेला, एकदा न घेता परत आला, एकदा नाही. तिसऱ्या आठवड्यात त्यानं मिलला यायचा रस्ताच बदलला, मागच्या फाटकानं, तुसाच्या ढिगावरून. चालायची तपासणी झाली. गोळ्यांचा डबा फळीवरून खाली आला.

सकाळी आता ताटाजवळ वाटीत गोळी ठेवलेली असते. चंद्रकांता ठेवते आणि पाठ फिरवते. घेतली का, असं विचारत नाही. ती अजून पुरती बोलत नाही त्याच्याशी. कामापुरतं बोलते.

परवा त्यानं गोळी स्वतः तोंडात टाकली, पाण्यानं गिळली, रिकामी वाटी तिला दिसेल अशी पालथी ठेवली. मग लोटा उचलला आणि तोंडाशी नेता नेता थांबला. खोडी जात नाही. लोटा उजेडाकडं तिरपा धरून त्यानं आत पाहिलं.

"आज काय टाकलं याच्यात?"

चंद्रकांतानं चुलीवरून मान वर केली. डॉक्टरनं सांगितलेलं एकही अक्षर ती विसरली नव्हती.

"काहीच नाही. मीठसुदिक नाही."

खुशाल एक घोट प्यायला. खरंच अळणी होतं, नुसतं पांढरं पाणी. त्यानं तिच्याकडं पाहिलं, आणि मग तळापर्यंत पिऊन टाकलं.